‘आपोआप’ हा शब्द वहीत चालत नाही

“आपोआप फक्त केस पिकतात,” असं माझे पिंपळे गुरवचे घरमालक म्हणायचे. “बाकी जगात काहीच आपोआप होत नाही.”

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते खोली भाड्याने घेतली त्याच आठवड्यात. मी एवढंच म्हणाले होते, की काका, बाथरूमचा दिवा आपोआप बंद होतोय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरले होते. मग बनियनच्या खिशातून टेस्टर काढला. लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या टेस्टर असायचा.

“किती वेळानं बंद होतो?”

“होतो असाच मध्येच.”

“असाच नाही. अंघोळीला गरम पाणी घेतलंस की होतो, का गार घेतलंस की?”

मी हसले. ते हसले नाहीत. दोन दिवस मला गरम आणि गार पाण्याची नोंद ठेवायला लावली. शेवटी निघालं ते असं, की वाफेनं होल्डरमधली पट्टी सैल व्हायची. होल्डर बदलायला पाच मिनिटं लागली. वहीत लिहायला पंधरा.

ती वही जाड पुठ्ठ्याची होती. कारखान्यात मेंटेनन्सवाल्यांकडे बिघाडाची नोंदवही असते, तशीच त्यांनी निवृत्तीनंतरही घरात चालू ठेवली होती. काय बिघडलं, कुणी बघितलं, कारण काय, सही. पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिलं होतं: ‘आपोआप’ आणि ‘चुकून’ हे शब्द या वहीत चालणार नाहीत.

भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर इलेक्ट्रिशियनचं काम केलं आणि कारखाना सुटला तरी कारखान्याच्या सवयी सुटल्या नाहीत. घरातला साधा बल्ब बदलायचा तरी मेन स्विच पाडणार, त्याला पितळी कुलूप लावणार, वर ‘काम चालू आहे, हात लावू नये’ अशी पत्र्याची पाटी अडकवणार आणि किल्ली करगोट्याला बांधून गच्चीवर जाणार. एकदा काकूंची चटणी अर्धीच वाटून झाली होती. त्या मिक्सरचं भांडं हातात घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, “अहो, कुलूप काढता का खाली? का मी पाट्यावरच वाटू?”

वरून आवाज आला, “ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं असतं. नियम आहे.”

“मग लावणाऱ्यानं उतरावं की! का त्यालाही पाटी लावलीय?”

माझ्याबद्दल दोन शब्द सांगते. माझे वडील परभणीच्या मोंढ्यात हमाली करायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी. ई. झाले, चाकणला एका कंपनीत लागले आणि खोली घेतल्यावर पहिलं काम केलं ते दारावर नावाची पट्टी लावली, खाली ‘बी. ई.’ असं ठळक. याचा मला अभिमान होता आणि आजही आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. काकांनी ती पट्टी बघितली, डोकं तिरकं केलं आणि म्हणाले, “डावीकडं दोन सूत उतरलीय.” दुसऱ्या दिवशी स्वतःच पाणसळ घेऊन आले आणि सरळ करून गेले. तेव्हापासून मला हाक मारायचे ती ‘इंजिनिअर’ म्हणून. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचं खरं जग गच्चीवरच्या खोलीत होतं. त्या खोलीला ते ‘प्लांट’ म्हणायचे. इतर घरात चपला काढून शिरायचं, प्लांटमध्ये मात्र बूट घालून. काकू म्हणायच्या, “देवापुढं अनवाणी आणि आगगाडीपुढं बूट! उलटी गंगा आहे या घरात.”

आत तीन भिंतींना लागून छातीएवढ्या उंचीचा फळ्यांचा ओटा होता आणि त्यावर आगगाडी. वीतभर लांबीची इंजिनं, थर्माकोल आणि प्लास्टरचा घाट, पवनेवरचा पूल, या टोकाला एक स्टेशन, त्या टोकाला एक. डबे त्यांनी पत्रा कापून स्वतः केलेले. इंजिनाच्या मोटारी आणि चिपा बाहेरून मागवलेल्या.

कुणी पाहुणा आला की ते समजावून सांगायचे. “जुन्या खेळण्यातल्या गाडीला करंट दिला की ती पळायची, काढला की थांबायची. म्हणजे बैल. या गाडीच्या रुळात करंट कायम असतो. तो नुसता जेवण. कंपनीत कँटीनला जेवण मिळतं म्हणून कामगार पळत सुटतो का? सुपरवायझरनं सांगितलं की हलतो. तसा इथं हुकूम वेगळा जातो, त्याच रुळातून. इंजिनात चिप आहे, तिला आपला नंबर माहीत असतो. नंबर पुकारला की तेवढंच इंजिन हलतं. म्हणजे हा माणूस.”

पाहुणा मान डोलवायचा आणि विचारायचा, “कितीला पडलं हो हे सगळं?” मग काका त्याला पुन्हा कधी वर नेत नसत.

दर गुरुवारी, आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी असते त्या वारी, अण्णा यायचे. अण्णा मूळचे चिखलीचे. काकांच्याच कारखान्यात ते क्रेन आणि माल हलवायची ट्रॉली चालवायचे. दोघं स्टुलांवर समोरासमोर बसत. काका गाडी चालवत, अण्णा बघत. अण्णांनी हँडसेट, म्हणजे गाडीला हुकूम द्यायचं ते हातातलं यंत्र, कधी हातात घेतलं नाही. काका पुढं करायचे, अण्णा चहाचा कप उचलायचे.

“घे की राव.”

“नगं वायरमन. बघतोय तेच बरं हाय.”

असं का, हे मला काकूंनी मेथी निवडता निवडता सांगितलं. बरीच वर्षं झाली होती त्या गोष्टीला. कारखान्यात एका सकाळी अण्णांच्या हाताखालची ट्रॉली एकदम सुटली आणि एका कामगाराचा पाय मोडला. अण्णा सांगत होते, मी थांबवलं होतं, ती निघाली. त्यांना गेटबाहेर उभं केलं. मग आत ट्रॉलीची तपासणी झाली. काकांनी पॅनेल उघडलं, तारा बघितल्या, काही मिळालं नाही. ट्रॉली दिवसभर नीट चालली. संध्याकाळी साहेबांनी कागद पुढं केला: चालकाच्या हातून चुकून. मेंटेनन्सतर्फे सही हवी होती. काकांनी केली.

अण्णा पुन्हा कामावर आले, पण क्रेनवर नाही. उरलेली सगळी नोकरी त्यांनी स्टोअरमध्ये खोकी लावण्यात काढली.

“आणि तरी ते दर गुरुवारी येतात?” मी विचारलं.

“त्याच आठवड्यातल्या गुरुवारी आला होता,” काकू म्हणाल्या. “यांना म्हणाला, तुझं काय, कागदावर जे दिसलं त्यावर सही केलीस. यांना शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं. ही वही त्यानंतरची.”

हे ऐकल्यावर मला वाटलं, आपण काहीतरी करावं. तरुण होते, वर पदवी होती. पुढच्या गुरुवारी मी हँडसेट सरळ अण्णांच्या मांडीवर ठेवला. “अण्णा, आज तुम्ही. माझी शपथ.”

“आगं पोरी...”

“एक फेरी. मी बाजूला उभी आहे.”

काका स्टुलावरून उठून उभे राहिले.

अण्णांनी चष्मा पुसला. मग गाडी सोडली, आणि काय सोडली! धक्का नाही, हिसका नाही. लोणी काढावं तशी ती पुलावरून गेली, घाट चढली, त्या टोकाच्या स्टेशनात शिरली, थांबली. अण्णांच्या चेहऱ्यावरचं ते हसू मी आधी कधी बघितलं नव्हतं. आणि तेवढ्यात ती सुटली. एकदम, पूर्ण वेगात. अण्णा बटण दाबत होते, ती ऐकत नव्हती. वळणावरून इंजिन थेट उडालं आणि फरशीवर पडलं. काकांनी वर्षभर घासून केलेलं तपकिरी घाटाचं इंजिन. त्याचं तोंड चेपलं, एक चाक कपाटाखाली गेलं.

अण्णांनी हँडसेट स्टुलावर ठेवला, हलक्या हातानं, अंडं ठेवावं तसा.

“बघ,” ते म्हणाले. “माज्याच हातात.”

आणि जिना उतरून गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मला रडू येत होतं. मीच तर हट्ट केला होता. काका मात्र इंजिनाकडे बघतही नव्हते. त्यांनी वही काढली, लिहिलं: ‘इंजिन सुटलं. कारण:’ आणि पुढची जागा मोकळी सोडली. मग पितळी कुलूप आणून प्लांटच्या स्विचला लावलं.

“तपासणी सोडली तर हे भरल्याशिवाय कुलूप निघणार नाही,” म्हणाले. “या वेळी नाही.”

माझ्या अंगात बी. ई. संचारलं. दोन दिवसांत मी उत्तर शोधून काढलं. त्या चिपमध्ये जुन्या गाड्यांसाठी एक सोय असते. नुसता करंट आला आणि हुकूम ऐकू आला नाही, तर चिप समजते की आपण जुन्या खेळण्याच्या रुळावर आलो, आणि मिळेल तेवढ्या करंटवर पळत सुटते. काकांच्या भाषेत, माणसाचा पुन्हा बैल होतो. ती सोय एका आकड्यानं बंद करता येते. मी बंद केली. ऐटीत म्हणाले, “काका, आता सुटणार नाही. काढा कुलूप.”

“थांबलं,” ते म्हणाले. “सापडलं का?”

“म्हणजे?”

“हुकूम ऐकू आला नाही, म्हणतेस. का नाही आला? त्याच वेळी का? अण्णाच्याच हातात का?” त्यांनी टेस्टरनं माझ्या कपाळासमोरची हवा ठोकली. “इंजिनिअर, ताप उतरवायची गोळी दिलीस तू. ती सोय परत चालू कर. मला ते पुन्हा सुटलेलं बघायचंय.”

“पुन्हा पडेल!”

“काकूची गोधडी अंथरू खाली.”

मग सुरू झाली आमची तपासणी. मी चाकणहून येऊन तोंड धुतलं की वर. चेपलेल्या इंजिनाची चिप आणि मोटार त्यांनी एका उघड्या सांगाड्यावर बसवली होती. ते चालवत, मी मोजत. मी चालवत, ते मोजत. हळू, जोरात, डब्यांसह, डब्यांशिवाय. रूळ पुसून, रूळ न पुसता. काकूंनी खाली मिक्सर चालवून बघितला, तोही प्रयोगासाठी, आणि त्या म्हणाल्या, “चला, आमची चटणी एकदा तरी विज्ञानाच्या कामी आली.” इंजिन सुटलं नाही. एकदाही नाही. दहा फेऱ्या, वीस फेऱ्या, गायीसारखं गरीब.

माझ्या मनात पाप आलं. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, अण्णांनीच घाबरून भलतं बटण दाबलं असेल. म्हातारा माणूस. मी बोललेही तसं, जरा फिरवून.

काका ओट्याखाली शिरलेले होते. तिथूनच म्हणाले, “त्या दिवशी साहेब अगदी हेच म्हणाले होते.”

मी चिडले, स्वतःवरच. भोसरीत माझी एक कॉलेजची मैत्रीण यंत्रांच्या दुरुस्तीच्या दुकानात आहे. तिच्याकडून करंटचा आकार पडद्यावर दाखवणारं छोटं यंत्र आणलं. जवळच्या स्टेशनात लावलं, तर हुकमाचा आकार पक्क्या विटेसारखा चौकोनी. लांबच्या स्टेशनात लावलं, तर त्याच विटेच्या कडांना काटे फुटलेले, निवडुंगासारखे.

काका पडद्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग वाकून ओट्याखाली बघितलं. त्यांची वायरिंग म्हणजे प्रदर्शनात मांडावी अशी. लाल तार ओट्याच्या बाहेरच्या कडेनं, काळी आतल्या कडेनं, मध्ये हातभर अंतर, चार-चार बोटांवर क्लिप. कारखान्यात अशाच शिस्तीसाठी त्यांचं नाव होतं. पण असा वेगानं बदलणारा हुकूम न्यायचा, तर दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्या लागतात. दूर ठेवल्या तर लांब जाईपर्यंत त्यात कचरा मिसळतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, आणि रोज ती वायरिंग बघूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण दिसायला ती इतकी सुंदर होती.

“म्हणजे माझी रांगोळी,” ते म्हणाले.

“निम्मं कारण असेल काका. नुसत्या काट्यांनी सुटलं असतं तर आपल्या हातात सुटलं असतं. अजून काहीतरी होतं.”

तेव्हा मी डोळे मिटून तो गुरुवार आठवला. पूल. घाट. लांबचं स्टेशन. अण्णा थांबले होते! त्या स्टेशनात रूळ फुटतात तिथं, सांध्याच्या जरा पुढं, एक शोभेचा सिग्नल आहे. आम्ही कुणीच त्याच्यापाशी थांबत नव्हतो. अण्णा थांबले होते. हॉर्न दिला होता. आणि मग...

“मग जरा मागं घेतलं असेल,” काका सावकाश म्हणाले. “क्रेनवाल्यांची सवय. भार उचलायच्या आधी केसभर मागं, मग पुढं. साखळीतला ढिलेपणा काढायला. अण्णा ट्रॉलीपण तशीच चालवायचा. सायकलपण.”

इंजिन तिथं थांबलं, की त्याचं एक चाक नेमकं सांध्याच्या फटीवर येतं. तिथंच मागं-पुढं केलं तर ते दोन्ही रुळांना शिवतं, क्षणभर शॉर्ट सर्किट होतं आणि हुकूम तुटतो. मी करून बघितलं. पाच वेळा, सहा वेळा. ठिणगी दिसली, पण सुटलं नाही.

“तुझा हात अण्णाचा नाही,” काका म्हणाले. “माझाही नाही. जा, त्याला घेऊन ये.”

“मी? ते माझ्यावर...”

“शपथ तूच घातली होतीस ना?”

गेले मी चिखलीला. अण्णा ओट्यावर बसून कोंबड्यांना दाणे टाकत होते. मला बघून म्हणाले, “या इंजिनीर. आता काय मोडायचंय?”

मी सगळं सांगितलं. तारा, काटे, सांधा, सिग्नल. ते दाणे टाकत राहिले. “तुमी दोगं शिकलेली मान्सं. तुमी बघा. माजं काय काम?”

“काका म्हणाले, अण्णांनीच चालवलं पाहिजे. जसं चालवलं होतं तसंच.”

त्यांचा हात थांबला. “त्यो म्हनला?”

“हो.”

“मला चालवाया सांगितलं त्यानं? सुटल्याव?”

“हो अण्णा.”

ते उठले, आत गेले आणि टोपी घालून आले.

वर काका बूट घालून उभे होते. गोधडी अंथरलेली होती. त्यांनी करगोट्याची किल्ली काढून कुलूप उघडलं, पाटी उतरवली आणि हँडसेट पुढं केला. या वेळी अण्णांनी चहाचा कप उचलला नाही.

पूल. घाट. लांबचं स्टेशन. सिग्नलपाशी अण्णा थांबले, हॉर्न दिला. केसभर मागं, केसभर पुढं, पुन्हा मागं. ते आमच्यासारखं बटण दाबत नव्हते. हँडसेटवरचं वेगाचं चाक बोटानं जेमतेम जिवंत ठेवत होते, आणि इंजिन त्या फटीवर हलकेच डुलत होतं. खट् झालं आणि इंजिन सुटलं. वळणावरून उडून गोधडीत पडलं.

“सुटलं!” काका ओरडले. लग्नात अक्षता पडल्यावर ओरडावं तसं. “पुन्हा कर!”

पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा सुटलं. मी धावून धावून गोधडीतून इंजिन उचलत होते आणि तीन म्हातारी माणसं, कारण एव्हाना काकूही दारात आल्या होत्या, प्रत्येक वेळी हसत होती.

मग काकांनी स्विच पाडला, कुलूप लावलं आणि ओट्याखाली गेले. आपल्या हातानं त्यांनी एकेक क्लिप उखडली. लाल-काळ्या तारा वेणीसारख्या पिळल्या, सबंध ओटाभर. टोकाला, उरलेले काटे गिळायला, मी एक छोटा रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडला. दुपार गेली. चिपमधली ती जुनी सोय मुद्दाम तशीच चालू ठेवली. अण्णांनी पुन्हा चालवलं, तसंच, सिग्नलपाशी थांबून, मागं-पुढं करून. दहा वेळा. चाक फटीला शिवायचं, इंजिन क्षणभर अडखळायचं, आणि पुन्हा अण्णांचं ऐकायचं. अकराव्या वेळी काका म्हणाले, “आता दे तुझी तापाची गोळी,” आणि मी ती सोयही बंद केली.

वही उघडली गेली. काकांनी चष्मा लावून ती मोकळी जागा भरली. ‘कारण: दोन तारांत अंतर. सांध्यावर चाक टेकताच हुकूम तुटतो. वायरिंग माझं. चालकाचं काहीही चुकलेलं नाही.’ सही केली. पेन मिटलं नाही. मग खाली आणखी लिहिलं आणि वही अण्णांपुढं सरकवली.

अण्णा अक्षराला बोट लावून वाचतात. वाचायला वेळ लागला. मी मागून बघितलं. लिहिलं होतं: ‘कारखान्यातली ट्रॉली. कारण सापडलं नाही. सगळ्यांनी चालवून बघितली. चालकाला पुन्हा चालवायला सांगितलं नाही. तो गेटबाहेर उभा होता. ती सही मी परत घेतो.’

“आता याचा कुटं उपेग न्हाई, वायरमन,” अण्णा म्हणाले.

“माहितीय.”

“मग लिवलं कशाला?”

“जागा मोकळी राहिली होती.”

अण्णांनी वही मिटली, दोन्ही हातांनी, आणि शेल्फावर जिथली तिथं ठेवली. मग टोपी नीट केली, हँडसेट उचलला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “इंजिनीर, गोधडी काडा तिथनं. लागनार न्हाई.”

मी गोधडी काढली.